आंदणातला रेडिओ

“शकीलभाई, तुमी मले येडं समजता का?” रंगराव मापारी दुकानाच्या पायरीवरच बसले.

खामगावच्या कापूस बाजारात त्यांची उभी हयात वजनकाट्याशी गेलेली. जड माल महाग, हलका माल स्वस्त, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक. आणि इथे शकील रेडिओवाला पेटीएवढ्या रेडिओपेक्षा तळहातावर मावणाऱ्या ट्रान्झिस्टरचा भाव जास्त सांगत होता!

“चाचा, याच्यात काचेचे दिवे नाई. लाइट लागत नाई, सेलवर चालते. कारीगरी जितकी बारीक, तितका भाव तेज.”

“म्हंजे उद्या उडदाच्या दाण्याएवढा निघाला तं वावर इकून घ्यावं लागीन? अन् दिसेनासाच झाला तं?”

“तं मंग तुमाले परवडणारच नाई.”

रंगरावांचं डोकं गरगरलं. त्यांच्या लेकीचं, सत्यभामेचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि व्याही भगवंतरावांनी बजावलं होतं, “रेडिओ आंदणात पाह्यजे. मांडवातल्या शेवटच्या माणसाले दिसला पाह्यजे.” हे भगवंतराव भारी करडे. थोरल्या मुलाच्या लग्नात आंदणाच्या घागरीला पोचा निघाला म्हणून त्यांनी वरात वेशीवरून परत नेली होती. आता, मोठा रेडिओ द्यावा तर त्यांच्या सोनाळ्याकडच्या खेड्यात विजेचे नुसते खांब आलेले, तारा यायच्या होत्या. लहान द्यावा तर दिसणार कोणाला? शेवटी ट्रान्झिस्टर कोटाच्या खिशात टाकून रंगराव घरी आले आणि कपाळाला हात लावून बसले.

“एवढं काय त्याच्यात?” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “दाणा लहान असते म्हणून कणगी लहान करते का कोणी? मोठं खोकं करा, अन् बसवा त्याच्यात.”

बायको कधी कधी लाखातलं बोलते, हे रंगरावांनी मनातल्या मनात कबूल केलं. कय्यूम मिस्त्रीनं सागवानाचं झकास खोकं ठोकलं. पुढून जाळीचं कापड, खाली बटणं म्हणून पलंगाच्या पायाचे दोन गोल लट्टू, मागं झडप. असा रेडिओ खामगावात कोणाकडे नव्हता.

लग्नाच्या सकाळी रंगरावांनी ट्रान्झिस्टर चालू करून आत ठेवला, खोकं उचललं आणि लगेच खाली ठेवलं.

“अवो, हे तं हलकं हाये! इवाई हात लावल्याबरोबर वळखीन.”

“मंग टाका काही आत.”

दगड टाकला तर खडखडेल, धान्य टाकलं तर उंदीर पडतील. कापूस बाजारच्या माणसाला सुचून सुचून काय सुचणार? त्यांनी खोकं सरकीनं गच्च भरलं. वजन अगदी मनासारखं भरलं. आवाज मात्र पार बसला.

“बाई घोंगडीत तोंड खुपसून गाऊन राह्यली का काय?” मांडवात कोणीतरी विचारलं.

“मोठ्या रेडिओचा आवाज खोलच असते,” रंगराव घाम पुसत म्हणाले.

भगवंतराव आले. त्यांनी खोकं दोन्ही हातांनी तोललं, मान डोलावली. “माल हाये, इवाई!” रंगरावांच्या जिवात जीव आला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या.

आंदण बंडीत भरायची वेळ आली तेव्हा कोणीतरी रेडिओ बंडीच्या धुरेशी टेकवून ठेवला. भगवंतरावांचे बैल सकाळपासून उपाशी. पांढऱ्या बैलानं एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. सरकीचा वास बैलाला कळणार नाही तर कोणाला? त्यानं कापडात तोंड खुपसलं.

“अरे हो! हो! रेडिओ खाऊन राह्यला!” रंगराव धोतर सावरत धावले. पण बैलानं शिंगाचा असा हिसका दिला की खोकं धाडकन आपटलं आणि त्याच्या ठिकऱ्या झाल्या. सरकीचा ढीग झाला. ढिगात तो एवढासा ट्रान्झिस्टर, आणि घोंगडीतली बाई आता खणखणीत गाऊ लागली.

सारा मांडव गोळा झाला. नवरीनं पदराआड हुंदका दिला. भगवंतराव खाली वाकले. एका हातात ट्रान्झिस्टर घेतला, दुसऱ्या हातात मूठभर सरकी. रंगराव हात जोडून म्हणाले, “इवाई, माह्यं चुकलं. त्याचं असं हाये—”

“थांबा!” भगवंतरावांनी हात वर केला. “लोकहो, पाहा! अख्खा रेडिओ फुटला, तरी त्याचा एवढासा तुकडा बोलून राह्यला. याले म्हणते माल!” मग सरकी नाकाशी नेऊन ते हळूच म्हणाले, “अन् मी मघापासून इचार करून राह्यलो होतो का बिनलाइटचा हा चालते कशावर. सरकीच्या तेलानं दिवा जळते, मंग रेडिओ काऊन नाई चालणार?”

रंगरावांनी आ वासला. लेकीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. रुक्मिणीबाईंनी डोळे वटारले. खरं बोलावं तर वरात इथूनच परत जायची.

“हाव,” ते कसेबसे म्हणाले.

“महिन्याले किती लागीन?”

“लागीन... पायलीभर.”

तेवढ्यात नवरा मुलगा निवृत्ती पुढे झाला. मॅट्रिक झालेला पोरगा. त्यानं वडिलांच्या हातून ट्रान्झिस्टर घेतला, मागचं झाकण उघडून आतले सेल निरखून पाहिले आणि झाकण शांतपणे परत लावलं.

“पायलीनं काय होते, मामाजी?” जावई गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. “हा रेडिओ मोठा हाये. महिन्याले पोतंभर तरी पाठवा लागीन. अन् आमच्या घरी म्हशीबी दोन हायेत.”