डोळ्यांचा तुलनात्मक तक्ता

लेझरने डोळ्यांचा नंबर घालवून टाकायचा, असं मी ठरवलं ते साहेबांच्या कोटामुळे.

मी एका मोठ्या कार्यालयात भांडार कारकून आहे. खुर्च्या, पंखे, टाचण्या, झाडू, जे काही येईल त्यावर लेबल चिकटवायचं आणि रजिस्टरात नोंद करायची, हे माझं काम. त्या सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन चोवीस मोडक्या खुर्च्यांचं काय करावं हे दहा मिनिटं अगदी मुद्देसूद मांडलं. साहेब मध्ये एक शब्द बोलले नाहीत. (मला वाटलं, प्रभावित झाले.) शेवटी मी म्हणालो, "मग सही करता ना, सर?"

"तो कोट आहे," मागून आवाज आला. "मी इथे आहे."

साहेब दारात उभे होते. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा कोट लटकत होता.

"महिन्याभरात डोळ्यांचं काहीतरी करा," ते म्हणाले. "नाहीतर तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बदली करतो. तिथे डोळसांनाही काही दिसत नाही."

त्या तळघराची मला भयंकर धास्ती आहे. तिथे गेलेला माणूस वर येतो तो थेट निवृत्त व्हायला. सध्या तिथे असलेले गृहस्थ कपाटांशी गप्पा मारतात म्हणे. (मी कोटाशी बोललो, पण ते एकदाच.)

घरी आलो तर बायको कपाळाला बाम चोळत बसली होती. गेली तीन वर्षं तिचं डोकं दुखतंय आणि त्याला कारण मी, असं तिचं ठाम मत आहे. मी टीव्हीला दोष देतो.

"अहो, करून टाका एकदाचं ते लेझर," ती म्हणाली. "परवा गॅलरीतल्या कुंडीला म्हणालात, 'आई, आत या, ऊन लागेल.' आई अजून बोलत नाहीये तुमच्याशी."

सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्या बोलत नाहीत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण ते असो.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथे माहिती द्यायला एक मुलगी होती. लेझरचे तीन प्रकार आहेत, असं तिने सांगितलं. पहिला लॅसिक. यात बुबुळाच्या वरचा पातळ पापुद्रा झाकणासारखा उघडतात, आत लेझर मारतात आणि झाकण परत लावतात. दुसरा पीआरके. यात झाकणबिकण नाही, वरचा नाजूक थर सरळ काढून टाकतात, तो आपोआप पुन्हा येतो, पण चार दिवस डोळे चांगलेच झोंबतात. तिसरा स्माइल. यात एका बारीकशा चिरेतून आतली चकती ओढून काढतात.

"यातला कुठला करायचा?" मी विचारलं.

"ते तपासणीनंतर डॉक्टर सांगतील."

झालं! तीन प्रकार समोर आहेत आणि तुलनात्मक तक्ता नाही, ही कल्पनाच मला सहन होईना. सव्वीस वर्षांत मी तक्त्याशिवाय साधी बादली घेतलेली नाही. आमच्या घरातही तीच शिस्त आहे. मिक्सर, इस्त्री, कपाटं, सगळ्यांवर क्रमांक आहेत. सासूबाईंच्या खुर्चीला आहे. आम्हा नवराबायकोचे चष्मेसुद्धा मी एकाच नमुन्याचे, एकाच रंगाचे घेतले. घोटाळा नको म्हणून काड्यांना आतून लेबलं लावली. माझा नग क्रमांक एक, तिचा नग क्रमांक दोन.

तेव्हा मी तक्ता केला आणि रविवारी घरातच समिती बसवली. सदस्य तीन: बायको, सासूबाई आणि फ्रीज दुरुस्त करणारे माझे मेहुणे.

"झाकणवाला नको," सासूबाई (बायकोकडे बघून) म्हणाल्या. "जावईबापूंना सांग, या घरात एका डब्याला त्याचं झाकण नीट बसत नाही. डोळ्याचं कोण शोधत बसणार?"

"खरवडायचा पण नको," बायको म्हणाली. "चार दिवस डोळे झोंबतील त्यांचे आणि कण्हणं ऐकायचं मी."

"भाऊजी, नुसतं बोलून काय कळणार?" असं म्हणत मेहुण्यांनी हत्यारांची पेटी उघडली. "टोमॅटो आहेत का घरात?"

त्यांनी तीन टोमॅटो मांडले. पहिल्याचं झाकण छान उघडलं, मग ते टेबलाखाली पडलं आणि कुणाला तरी चिकटून बाहेर गेलं. (संध्याकाळी ते माझ्या चपलेला चिकटलेलं सापडलं.) दुसरा खरवडता खरवडता संपला. तिसऱ्याला मेहुण्यांनी बारीक भोक पाडलं, आत चिमटा घातला आणि म्हणाले, "आता भाऊजी, जवळून बघा हं."

मी जवळून बघितलं. टोमॅटोने सगळा रस माझ्या उजव्या डोळ्यात सोडला.

"बघा, झाकणाचं टेन्शन नाही!" मेहुणे खूश झाले. मी डोळा धरून ओरडत असताना समितीने तिसरा प्रकार बहुमताने मंजूर केला. मीही एका डोळ्याने सही केली.

मंगळवारी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, अगदी शांत. मी त्यांना कोटाची हकिगत सांगितली आणि तक्ता तीन प्रतींत सादर केला. त्यांनी तो वाचला, माझ्या लाल डोळ्याकडे बघितलं, मग पुन्हा तक्त्याकडे बघितलं.

"प्रकार तुम्ही ठरवायचा नसतो," त्या म्हणाल्या. "तो तुमचा डोळा ठरवतो. आधी तपासू."

तासभर मी निरनिराळ्या यंत्रांना हनुवटी टेकवत फिरलो. शेवटी त्यांनी माझा चष्मा मागितला, एका छोट्या यंत्रात ठेवला, काढला आणि पुन्हा ठेवला. डोळ्यांसमोर तळघर आलं.

"तुमच्या डोळ्यांचा नंबर आहे दोन," त्या म्हणाल्या. "आणि या चष्म्याचा आहे साडेचार. हा कुणाचा चष्मा आहे?"

"माझाच," मी म्हणालो आणि अभिमानाने लेबल दाखवलं. "नग क्रमांक एक."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि बायकोकडे हात पुढे केला. "तुमचा बघू."

तिचा चष्मा निघाला दोन नंबरचा. तिचे डोळे निघाले साडेचारचे.

मग बायको हळूहळू माझ्याकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "लेबलं लावायच्या आधी तुम्ही दोन्ही चष्मे धुतले होते ना? साबणाच्या पाण्यात? एकाच भांड्यात?"

धुतले होते. ओशट काडीला लेबल चिकटत नाही.

"मी म्हणत होते, एकदा घालून बघू. तर म्हणालात, लेबल लागलं की शंकेला जागा नाही."

"पण नंतर अंधुक दिसलं तेव्हा तूही काही बोलली नाहीस," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"बोलले होते! तुम्ही म्हणालात, चष्मेवाल्याने सांगितलंय, नव्या चष्म्याची सवय व्हायला आठ दिवस लागतात."

आम्ही त्याला तीन वर्षं दिली होती.

तीन वर्षं तिचं डोकं दुखत होतं आणि कारण खरोखर मीच होतो. मला फार वाईट वाटलं. मी डॉक्टरबाईंच्या देखत तिची माफी मागितली. (आमच्या संसारातली ही पहिली लेखी नसलेली माफी.)

"लेझर हवंच असेल तर पुढे बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण कोट ओळखायला तुम्हाला तुमचा स्वतःचा चष्मा पुरेल. बदला आधी."

आम्ही चष्मे बदलले. समोरच्या भिंतीवरची अक्षरं एकदम लख्ख दिसायला लागली. बायको मात्र भिंतीकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, टक लावून, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग तिने हळूच विचारलं, "डॉक्टर, हे सगळ्यांना असेच दिसतात का?"

तळघर टळलं. साहेबांना मी सगळी हकिगत खरीखरी सांगितली. त्यांनी बदली रद्द केली आणि गेल्या तीन वर्षांत मी भांडारात लावलेली सगळी लेबलं पुन्हा तपासायचा हुकूम काढला. (आग विझवायच्या नळकांड्यावर 'टेबल, लहान' सापडलंय. काम चालू आहे.)

बायकोचं डोकं दुखायचं दोन दिवसांत थांबलं. सासूबाई माझ्याशी बोलायला लागल्या. सगळं मार्गी लागलं. फक्त एक नवीन गोष्ट सुरू झाली. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, चहाला समोर बसलो, की बायको स्वतःचा चष्मा काढून ठेवते आणि हात पुढे करते.

"द्या हो जरा तुमचा."

आणि माझा चष्मा घालून माझ्याकडे बघत चहा पिते. पहिल्या दिवशी मी अगदी विरघळून गेलो. म्हटलं, इतक्या वर्षांनी हे प्रेम!

"अगं, आठवण येते का त्या चष्म्याची?" मी विचारलं.

"नाही हो. सवय होईपर्यंतच. आठ दिवस लागतात ना?"

"नव्या चष्म्याची सवय?"

"तुमची," ती म्हणाली.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले.