ला सक्काची घोरपड माहेरी जाते

ला सक्काने घोरपड घरी आणली तेव्हा अख्ख्या आळीला सांगून टाकलं, की आठ दिवसांत ही माझ्या हातून अंडं खाईल आणि महिन्याभरात हाकेला येईल. सेंगकांग गावच्या तळ्यावर तीस वर्षं त्याने होड्यांची इंजिनं दुरुस्त केली होती. कुणालाच दाद न देणारं इंजिन त्याला दाद द्यायचं. मग दीड हाताचं जनावर ते काय!

ती सापडली त्याच्याच मासे धरायच्या सापळ्यात. आतले सगळे मासे फस्त केल्यावर तिचं पोट इतकं फुगलं, की आलेल्या वाटेने परत जाता येईना. दुसऱ्या कुणी शिव्या घालून सोडून दिली असती. पण ला सक्काची बायको मन्नांग जाऊन वर्ष झालं होतं आणि मुलगा मलेशियात होता. घरात हलायचे ते फक्त घड्याळाचे काटे. त्याने घोरपडीला पोत्यात घातलं आणि घरचा रस्ता धरला.

जुन्या होडीच्या फळ्या आणि तारेची जाळी जोडून त्याने खोका केला. उबेसाठी वर बल्ब टांगला, डुंबायला मोठं घमेलं ठेवलं. पहिल्या दिवशी तिने शेपटीचा असा फटका दिला, की नडगीवर चाबकासारखा वळ उठला. दुसऱ्या दिवशी हात सोडून चप्पल चावली. ही सुधारणाच आहे, असं तो शेजाऱ्यांना म्हणाला. तिसऱ्या दिवशी तिने जाळी उचकटली, घरभर हिंडली आणि मन्नांगच्या हातमागाखाली जाऊन पसरली. खिडकीतून ऊन येतं ते तिथेच. दुसरं काही नाही.

पण नेमकी तेव्हाच मेव्हणी तेनरी वाटीत कालवण घेऊन जिना चढून आली. मागाखाली पाहिलं आणि वाटी बाजूला ठेवून तिच्यासमोर बसली.

"दाजी," ती म्हणाली, "ही तर आमच्या ताईची जुळी."

सेंगकांगकडे मानतात, की काही माणसांना पाण्यातलं जुळं भावंड असतं. ते जन्मताच तळ्यात निघून जातं, मगर होतं नाहीतर घोरपड, आणि कधीतरी घरच्यांना भेटायला येतं. मन्नांगच्या जन्माच्या वेळी सुईणीने वार तळ्यात सोडली, तेव्हा पाणी दोनदा हललं होतं, असं तेनरीने आईकडून ऐकलं होतं. वार तर गावात सगळ्यांचीच तळ्यात सोडतात, आणि पाणी हलायचंच, हे ला सक्काने सांगून पाहिलं. कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवसापासून जिन्यावर चपलांचा ढीग. कुणी अंडी आणली, कुणी केळी, कुणी चिकट भात. पाहुणीला कोंडायचं नसतं म्हणून खोका मोडावा लागला. तिच्यावर ओरडायचंही नसतं. त्यामुळे ती उशीवर झोपली की ला सक्का चटईवर. शेजारचे हाजी बेद्दू बदकांची अंडी चोरल्याची तक्रार घेऊन तावातावाने आले होते. खरा प्रकार कळल्यावर घरी गेले, उरलेली चार अंडी घेऊन परत आले आणि 'चोरटी' म्हटल्याबद्दल तिची माफी मागून गेले.

ला सक्का मात्र खूश होता. ती आता त्याच्या हातून खात होती. दुपारी तो खाली बसून इंजिनचा एखादा भाग पुसायचा, ती बाजूला पडून जीभ आतबाहेर करायची. वर्षभरात पहिल्यांदाच घरात चहा वेळेवर होऊ लागला.

आणि मग तेनरी म्हणाली, की जुळीला आता आम्ही आमच्या घरी नेणार. तुम्ही जावईमाणूस, रक्त आमचं.

"अगं, पकडली मी."

"ताईलाही तुम्हीच नेली होतीत. म्हणून ती आमची राहिली नाही का?"

तेव्हा ला सक्काने हट्ट धरला, की ही साधी घोरपड आहे आणि म्हणून माझी आहे. हाजी बेद्दूंनी तोडगा काढला. एका बाजूला मासा ठेवायचा, दुसऱ्या बाजूला मन्नांगचं नेसायचं रेशमी सारोंग. घोरपड असेल तर माशाकडे जाईल. ला सक्का मनात हसला आणि बाजारातला सगळ्यात जाडा मासा घेऊन आला. पण सकाळपासून लोकांनी तिला अकरा अंडी चारली होती. तिने माशाकडे पाहून तोंड फिरवलं, सारोंगावर चढली आणि डोळे मिटले. बायकांनी डोळे टिपले. निकाल लागला.

तेनरीचं घर तीन घरं सोडून. तरीही ला सक्का चार दिवस तिच्या डुंबायच्या घमेल्यातलं पाणी रोज बदलत राहिला. चहा पुन्हा राहून जाऊ लागला.

तिकडे जुळीने पहिल्या दिवशी दोन कोंबड्या खाल्ल्या, दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी भाताच्या पातेल्यात बसली. चौथ्या दिवशी शेपटीने काचेचं कपाट फोडलं. पण बहिणीला चालती हो कोण म्हणणार? अखेर तेनरीने हाजींकरवी निरोप धाडला, की माहेरी आलेल्या बाईला नवऱ्याने रीतीने न्यायला यायचं असतं, हे दाजींना कुणी सांगायला हवं का?

ला सक्का इस्त्रीचा सदरा घालून, केळ्यांचा घड आणि रिकामी टोपली घेऊन गेला. पण आता अख्खी आळी जमलेली, त्यामुळे तेनरीलाही आपला मान सोडता येईना. तिने त्याला बसवलं, कॉफी दिली आणि म्हणाली, "नीट बोलावून न्या. ताईला बोलवायचात तसं."

"घरी चल," ला सक्का घोरपडीला म्हणाला.

घोरपड हलली नाही.

"रुसलीये," तेनरी म्हणाली. "समजूत काढा."

तो इकडेतिकडे पाहू लागला. मग हळू आवाजात सुरुवात केली. तुझ्या कालवणाला एकदा पाहुण्यांसमोर नाव ठेवलं, ते चुकलं. माग घरात जागा अडवतो म्हणून चिडायचो, तेही चुकलं. घोरपड जीभ काढून ऐकत होती.

"आणि त्या शेवटच्या दिवशी," तो म्हणाला, "तुला बरं नव्हतं, आणि मी न सांगताच पल्याडच्या काठाला इंजिन बघायला गेलो. यायला उशीर झाला. तू सगळ्यांना विचारत राहिलीस, हे कुठे गेले."

तेनरीने मान फिरवली. मग घोरपड उठली, तेनरीच्या नव्या चटईवर भली मोठी घाण केली आणि सावकाश चालत त्याच्या टोपलीत जाऊन बसली.

ला सक्काचं मत अजून बदललेलं नाही. घोरपड ती घोरपड, असं तो कुणालाही सांगतो. फक्त घराबाहेर पडताना आता जिन्यावर थांबतो, कुठे चाललोय आणि कधी येईन ते आत वळून सांगतो, आणि मगच खाली उतरतो.