जाधवभाऊंची सोनोग्राफी

आमचे शेजारी जाधवभाऊ जगात एकाच ठिकाणी लघवी करतात, ते म्हणजे स्वतःच्या घरी. उभा जन्म कचेरीत कारकुनी केली, पण तिथली मुतारी आतून पाहिली नाही. गणपतीपुळ्याला माझ्या भाचीच्या लग्नात अक्षता पडल्या न पडल्या तोच हे परतीच्या एसटीत. जेवून तरी जा म्हटलं, तर म्हणाले, "जेवाण काय, कुठंपण मिळतं रे. आपली मोरी नाय मिळत."

अलीकडे तर त्यांनी कुठं जाणंच सोडलं. हट्ट वाढला, दुसरं काय, असं म्हणून आम्ही थट्टा करायचो. मग त्यांची पाठ दोन्ही बाजूंनी ठणकायला लागली. वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हल्ली माणसांचा विसर पडतो. एकटं ठेवता येत नाही. माझ्या बायकोला त्यांच्यापाशी बसवलं आणि मी भाऊंना सोनोग्राफीला नेलं.

तपासणीआधी भरपूर पाणी प्यायला सांगतात. भाऊ इमानेइतबारे प्यायले. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघून गंभीर झाल्या.

"दोन्ही किडन्यांना सूज आहे. नळ्याही फुगल्यात. पुढे कुठंतरी अडतंय. खडा असेल, प्रोस्टेट असेल, नाहीतर गाठ. लघवी करून या, परत बघते."

"घरी जाऊन येतो," भाऊ उठलेच.

"आजोबा, इथं आहे ना सोय."

"असूंदे. चांगलीच असेल. पन आपलं घरीच बरं."

मी बाईंना गाठीचं विचारत होतो, आणि हे शर्टाची बटणं लावत होते. शेवटी रिक्षा केली, घरी आलो, परत गेलो. रिक्षावाल्याला मी कारण सांगितलं नाही.

दुसऱ्यांदा बघितलं तर सूज बरीच उतरलेली.

"खडा नाही, गाठ नाही, प्रोस्टेटही ठीक," बाई म्हणाल्या. "लघवीची पिशवी भरून वरपर्यंत तुंबतंय. तासन्‌तास धरून ठेवता तुम्ही. असंच चाललं तर किडन्या जातील."

"भायेर असलं की धरावंच लागतं," भाऊ म्हणाले.

"पण भाऊ, तुम्ही तर घर सोडत नाही," मी म्हटलं.

भाऊ पुन्हा शर्टाची बटणं लावायला लागले.

"ती हात धरून बसते रे. सोडवून उठलो की घाबरते. मला शोधायला रस्त्यावर जाते. म्हटलं, धरलं थोडं, तर काय बिघडतं?"

"आणि तुम्हालाच काही झालं तर त्यांचा हात कोण धरेल?" बाईंनी विचारलं.

आता मी किंवा बायको अधूनमधून जाऊन बसतो. वहिनी आमचा हात धरतात. भाऊ आत जातात आणि आतून मोठ्यानं बोलत राहतात, "हाय गो, हितंच हाय. आलोच." वहिनी त्या आवाजाकडे कान लावून बसतात. मी कोण, हे त्यांना ठाऊक नसतं.

काल माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "तुमीपन त्यांचीच वाट बघताव?"

मी हो म्हटलं.