बुधवारची पाठदुखी

आमच्या कार्यालयाचा शिक्षणाला विरोध नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो. विरोध असता तर आम्ही समिती नेमलीच नसती. पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंच्या बाबतीत जे घडलं, त्याला विभागप्रमुख म्हणून मी जबाबदार आहे अशी कुजबुज कानावर आली, म्हणून ही हकिकत जशी घडली तशी सांगतो.

बाई पंचेचाळिशी ओलांडलेल्या. "पाणी आलं नाही" असं सांगणाऱ्या लोकांना दिवसभर "येईल" असं सांगणं हे त्यांचं काम, आणि ते त्या चोख करत. एका सकाळी त्या माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. लग्नामुळे अर्धवट राहिलेली इतिहासाची पदवी त्यांनी नोकरी सांभाळून शेवटच्या वर्षापर्यंत रेटत आणली होती. यंदा पास झाल्या नाहीत तर आधीची सगळी वर्षं बाद होणार होती. मागणं एवढंच, की दर बुधवारी तासभर लवकर सोडावं, म्हणजे संध्याकाळचा वर्ग गाठता येईल.

"या वयात, बाई?" मी आपुलकीने विचारलं.

"त्या वयात लग्न लावून दिलं, साहेब."

"पण इतिहासाचा आपल्या कामाला उपयोग काय?"

"काहीच नाही. आवड आहे."

इथेच घोडं पेंड खायला लागलं. लवकर जाण्याच्या कारणांत आजारपण बसतं, लग्न बसतं, मयतसुद्धा बसते. आवड कशातच बसत नाही. आमचे वरिष्ठ लिपिक रोज चारच्या ठोक्याला पिशवी उचलून चालू लागतात हे खरं आहे. पण त्यांनी कधी परवानगी मागितलेली नाही, त्यामुळे ती नाकारण्याचा प्रसंगच आला नाही. बाईंनी मागितली.

तरीही मी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. त्यांच्या एकटीसाठी अध्ययन-प्रोत्साहन समिती स्थापन केली. ज्याला गरज त्यालाच कळकळ, म्हणून सचिवपदही त्यांनाच दिलं. कामाच्या वेळेत बैठक घेतली तर फोन कोण उचलणार? तेव्हा बैठका कार्यालय सुटल्यावर घ्यायच्या ठरल्या. वार मात्र आम्ही बाईंचा अभ्यास ध्यानात ठेवूनच निवडला. बुधवार.

"साहेब, बुधवारी माझा वर्ग असतो," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर! विषय तुमच्या अभ्यासाचाच आहे ना?"

मग बाईंचा सत्कार झाला. त्या दिवशी त्यांची चाचणी परीक्षा होती, पण मोठ्या साहेबांना दुसरा दिवस मोकळा नव्हता. 'शिकायला वय नसतं' या विषयावर मोठे साहेब भरभरून बोलले आणि खाली उतरताना मला हळूच म्हणाले, "या बाई कोण?" पत्त्यांचा डाव अर्धा टाकून आलेल्या मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. आम्हालाही शिकायचंय हो, पण वेळच मिळत नाही, असं प्रत्येकाने बाईंना गाठून सांगितलं आणि मंडळी पुन्हा डावाला बसली.

घरच्यांचं पाठबळ कितपत आहे हे पाहायला समिती एका रविवारी बाईंच्या घरी गेली. आगाऊ कळवलं नव्हतं. त्याशिवाय खरी परिस्थिती कळत नाही. फ्रिजवर एक जाडजूड पुस्तक उघडं, पालथं पडलं होतं आणि त्यावर गॅसचा लायटर. बाईंनी आम्हा सगळ्यांना चहा दिला, कप विसळले आणि पुस्तक हातात घेतलं.

"माझा फुल सपोर्ट आहे, साहेब," त्यांचे यजमान सांगत होते. "मी तिला कध्धी म्हणजे कध्धी अडवत नाही." आणि मान न वळवता, "अगं, नुसती वाचतेच आहेस ना? मग जरा माझा चष्मा बघ."

"शिकू दे की," सासूबाई म्हणाल्या. "सगळं आवरून झाल्यावर बसावं हवं तेवढं."

"आवरून कधी होतं?" आमच्यातल्या नव्या अभियंत्याने विचारलं. त्याचं अजून लग्न झालेलं नाही.

"अजून तरी झालेलं नाही," सासूबाई म्हणाल्या आणि तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला, आमच्या नातवाचा अभ्यास चाललाय."

आतल्या खोलीचं दार बंद होतं. त्यामागून घोरण्याचा आवाज येत होता. तो ऐकून आम्ही आवाज आणखी खाली आणला. कौटुंबिक पाठबळ उत्तम, असा शेरा मी तिथेच बसून लिहिला.

एवढं करूनही थोड्याच दिवसांत बाई म्हणाल्या, "साहेब, अभ्यास सोडला. झेपत नाही." खरं सांगतो, मला हायसं वाटलं. समिती विसर्जित केली. टाळ्या वाजवणाऱ्या मंडळींनी आता त्यांची पाठ थोपटली. बरं केलंत बाई, या वयात कशाला जिवाला ताप, असं जो तो म्हणाला.

आणि पुढच्याच बुधवारी बाईंची पाठ धरली.

इथे आमच्या कार्यालयाची माणुसकी दिसली. दर बुधवारी शेक घ्यायला लवकर जावं लागेल म्हणताच मी मान हलवली. पाठदुखीला पुरावा कोण मागतो? पाठ तर प्रत्येकालाच आहे. मी माझी स्वतःची उशी त्यांच्या खुर्चीला लावली. आणि ज्यांनी जन्मात कधी पाच वाजलेले पाहिले नव्हते ते वरिष्ठ लिपिक दर बुधवारी शेवटपर्यंत थांबून बाईंचा फोन उचलू लागले. घरीही तेच. आतली खोली बाईंना मिळाली, चिरंजीव हॉलमध्ये घोरू लागले, यजमान चहा करायला शिकले. "तिला हाक मारू नका, पडलीय बिचारी," असं सासूबाईच येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत. वर्ष संपता संपता दुखणं बळावलं आणि बाईंनी वैद्यकीय रजा मागितली. मी उभ्या उभ्या मंजूर केली. "काळजी घ्या," असंही म्हणालो.

निकाल लागला. बाई इतिहासात पहिल्या वर्गात आल्या आणि पदवीची नोंद करून घ्या म्हणून माझ्याकडेच आल्या!

इतका कृतघ्नपणा मी नोकरीत पाहिला नव्हता. आजारी असताना उत्तीर्ण होणे, असा ठपका ठेवून मी चौकशी लावली. चौकशी अधिकारीही मीच होतो.

"तुमची पाठ दुखत होती की नाही?"

"दुखत होती ना. इतकी वर्षं त्याच खुर्चीवर बसतेय. तुम्ही कधी विचारलं नव्हतं."

"मग अभ्यास कसा केलात?"

"पडून."

"बाई, हा शुद्ध लबाडीचा प्रकार आहे. खरं सांगायला काय झालं होतं?"

"खरंच सांगितलं होतं, साहेब. तुम्ही माझा सत्कार केलात."

यावर नियमांत काही सापडलं नाही. पदवी विद्यापीठाची, ती आम्हाला काढून घेता येत नाही. शेवटी, सदर पदवी दुखण्यातून उद्भवलेली असून इतर कर्मचाऱ्यांनी तिचा संसर्ग टाळावा, अशी नोंद करून मी प्रकरण मिटवलं. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि कमरेवर हात ठेवून थबकल्या.

"आई गं! साहेब, पुन्हा कळ आली. या वेळी दोन वर्षं तरी चालेल असं दिसतंय."

एम.ए.ला किती वर्षं लागतात हे मलाही ठाऊक आहे. पण दुखण्याला नाही म्हणायची सोय आमच्याकडे नाही. मी मुकाट्याने उशी पुढे केली.

आता तुम्ही आम्हाला हसणार. खुशाल हसा. पण हे सगळं तुम्ही इथवर सलग, निवांत वाचलंत. मधे कोणी हाक मारली नाही, कोणी चष्मा शोधायला लावला नाही. मग तुमच्या घरात आतून भांड्यांचा आवाज येतोय, तो कोणाचा? जरा उठून बघा. नुसतं वाचतच तर होतात.