कडक मोड

पंखा दोनवर. कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पाण्याचा ग्लास.

नवऱ्याचा निरोप : बॅगेत स्वेटर एक की दोन?

एकशे बारा चुका.

भिंतीवर ताजी पाटी : शिस्त म्हणजे शिस्त.

हे सगळं ताईंच्या टेबलाभोवती, गुरुवारी सकाळी सव्वादहाला. लिफ्ट चालवणारा त्यांचा प्रोग्राम कालपर्यंत बिनतक्रार चालत होता. आज कम्पायलर, म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा गडी, ओळखच देईना. u_int? कोण u_int?

"याला काय झालं?"

"काही नाही," मागून साहेब म्हणाले. "मी त्याला कडक मोडमध्ये टाकलंय. c99. आता फक्त प्रमाण C भाषा चालणार. सिस्टिमचे लाडके प्रकार बंद."

"अहो साहेब, u_int म्हणजे साधा बिनचिन्हाचा पूर्णांक. घरचं नाव आहे हो त्याचं!"

"मग द्या ओळख करून. पाचच्या आत लिफ्ट हलली तर उद्यापासून रजा. नाहीतर बघू."

तीन वर्षांतली पहिली रजा. ताईंनी आपल्या फाइलच्या डोक्यावर u_int ची व्याख्या लिहिली. चुका उतरल्या : चाळीस. शेजारच्या दाढीवाल्यानं मदत म्हणून याच प्रोग्राममधल्या आपल्या फाइलमध्येही लिहिली. चुका चढल्या : तीनशे.

"काय लिहिलंत तुम्ही?"

"short, छोटा पूर्णांक. जागा वाचते."

"मी int लिहिलंय! एकाच नावाचे दोन जावई दारात उभे केलेत तुम्ही."

"मग तुमचं खोडा."

"तुमचं खोडा!"

दोघांनी एकदमच खोडलं. एकशे बारा.

नवऱ्याचा पुन्हा निरोप. 'एकही नको,' ताईंनी कळवलं.

साडेचारला साहेब फोनवर बोलत जिन्यात गेले. ताईंनी दाराकडे पाहिलं आणि सेटिंगच्या फाइलमध्ये c99 पुसून gnu99 लिहिलं. भाषा तीच, फक्त सिस्टिमची ओळखपाळख चालवून घेणारी. शून्य चुका. चाचणीची लिफ्ट मुकाट तिसऱ्या मजल्यावर गेली.

साहेब परतले. शून्य बघून त्यांची छाती फुगली.

"बघा! जरा कडक वागलं की कसं सुतासारखं सरळ होतं. ताई, ही सेटिंगची फाइल सगळ्या विभागांना पाठवा."

"अशीच्या अशी?"

"एक अक्षर बदलायचं नाही!"

दाढीवाला खोकत खोकत टेबलाखाली पेन शोधू लागला. ताईंनी फाइल पाठवली.

मग साहेबांनी खणातून रजेचा अर्ज काढून दिला. त्यावर त्यांची सही आधीच होती, तारीख सोमवारची.