घरधनी बोलंना

रेडिओची पाठ उघडण्याआधी खंडूभाऊ त्याला रामराम करत. तोही चपला काढून, टोपी सारखी करून. "दुसऱ्याच्या घरात शिरायचं म्हंजी रीत नको व्हय?"

चिंचवडजवळ आमचा रेडिओचा छोटा कारखाना होता. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. मी तपासनीस, खंडूभाऊ पुनावळ्याहून सायकलवर येणारे जोडारी. शिक्षण चौथी. पण लढाईच्या काळात देहूरोडला लष्कराचे वायरलेस संच दुरुस्त करून असे तयार झालेले, की आमचे डिप्लोमावाले साहेबही अडले की त्यांनाच हाक मारत.

मिक्सर व्हॉल्व्ह मला पुस्तकातून कधी कळला नाही. खंडूभाऊंनी एका चहात समजावला. "टेशनावरनं येती ती लहर पाव्हणा. संच आपली आपन काढतो ती घरधनी. मिक्सरमदी दोघांची गाठ. घरधनी मोकळा बोलला, तरच पाव्हणा खुलतो."

खेड्यांतल्या चावड्यांसाठी बॅटरीवरचा संच आम्ही स्वतः आखला. संचाची स्वतःची लहर काढणारी कॉइल, म्हणजे तारेचं बारीक वेटोळं, खंडूभाऊंनी घरून आणली होती. पहिला नमुना खणखणीत वाजला. खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्याचीही पूजा झाली आणि दसऱ्यानंतर लावला, तर आवाज पेटीला कान लावल्याशिवाय ऐकू येईना. साहेबांनी मिक्सरचे तीन व्हॉल्व्ह बदलून पाहिले. फरक नाही. मग वैतागून म्हणाले, "ही हाताने गुंडाळलेली कॉइल टाकून द्या. तयार आणू."

खंडूभाऊंचा चेहरा उतरला. "एक दिस द्या, सायेब. आदी घरात बगू."

त्यांनी मीटर लावला. संचाची स्वतःची लहर निम्म्यावर आली होती. "पाव्हण्याचा दोष न्हाई. घरधनीच बोलंना." मग भिंग घेऊन त्या कॉइलवर वाकले. तारेच्या वेढ्यांत ओलं हळदकुंकू झिरपून बसलं होतं. पूजेत आम्ही सगळ्यांनी पेटीला वरून बोट लावलं होतं. आत हात घातला कुणी?

"म्याच लावलं," खंडूभाऊ साहेबांसमोर म्हणाले. "चूक माजी हाय."

स्पिरिटचा बोळा फिरवून, एकही वेढा न हलवता त्यांनी कॉइल स्वच्छ केली, उन्हात वाळवली. दुपारच्या बातम्या फाटकापर्यंत ऐकू आल्या. साहेबांनी कॉइल राहू दिली. दुसऱ्याची चूक काढणारे पायलीला पन्नास. स्वतःची शोधून सांगणारा हा माणूस आमच्या कारखान्यातला, याचा मला आजही अभिमान आहे.

सुटीनंतर सायकलीपाशी त्यांना विचारलं, "भाऊ, कॉइललाच का लावलंत?"

"ती आमच्या मंडळीनं गुंडाळलेली. माजी बोटं जाड, तार सरळ बसंना. तिनं दोन दिसांत केली."

त्यांची बायको त्याच श्रावणात गेली होती, ते मला माहीत होतं.

"सनाचं हळदकुंकू तिच्या हातचं असायचं," ते म्हणाले. "औंदा घरात कुनी न्हाई. मंग जितं तिचा हात लागला व्हता, तितं लावलं. सायेब टाकून द्या म्हनले, तवा म्हनूनच येक दिस मागून घेतला बगा."