मनगट धरणारे सॅमसन अंकल

सॅमसन अंकलशी हस्तांदोलन करणं कोणालाच जमलं नाही. हात पुढे करता यायचा, पण अंकल तो मध्येच मनगटाशी पकडायचे, डोळे मिटायचे आणि समोरचा माणूस महापौर असो की मासळीवाला, त्याला तसाच ताटकळत ठेवायचे. मग डोळे उघडून म्हणायचे, "बेस. रिदम फर्स्टक्लास आहे. आता बोला."

नव्वदच्या दशकात मी लग्न होऊन ठाण्याहून ज्यूंच्या देशात, अश्केलोनला आले, तेव्हा टॅक्सीतून सामान उतरवताना इमारतीच्या दाराशी एक गाढव उभं दिसलं. त्याच्या चारी पायांना चिमटे, चिमट्यांना वायरी, आणि वायरींच्या टोकाला एका तपकिरी पेटीपाशी उकिडवे बसलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ. नवऱ्याला मी मराठीत विचारलं, आत जायचं कुठून. गृहस्थांनी मान वर न करता मराठीतच उत्तर दिलं, "थांब बाय. तू चाललीस की रेघ हलते."

या देशात परक्या माणसाकडून ऐकलेलं माझं पहिलं मराठी वाक्य ते.

डॉक्टर सॅमसन कोर्लेकर, आमच्यासारखेच मराठी ज्यू, आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मुंबईत जनावरांचे डॉक्टर झाले, साठच्या दशकात इकडे आले आणि सरकारी नोकरीत आयुष्यभर गाई तपासल्या. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात किंवा नातवंडं सांभाळतात. अंकलांनी एक जुनं ईसीजी मशीन मिळवलं आणि ज्याला ज्याला आईचं दूध लागतं त्या प्रत्येक प्राण्याच्या हृदयाची रेघ काढायला निघाले.

"मासळीचं मला विचारू नकोस," ते म्हणायचे. "पाखराचंही नको. आपलं डिपार्टमेंट सस्तन."

त्यांची मराठी बोटीत बसली त्या दिवशी थांबली होती. वाईट गोष्ट 'बंडल', चांगली 'फर्स्टक्लास', आणि मोबाइलवरून परदेशी फोन आला तरी तो 'ट्रंककॉल'. त्यात ईसीजीची भाषा मिसळली की ऐकणाऱ्याने तोंडात पदर धरावा. सरळ माणूस म्हणजे 'साइनस माणूस'. वेळेआधी बोलणारा, मध्येच तोंड घालणारा, तो 'एक्टोपिक'. माझ्या नवऱ्याला त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक्टोपिक ठरवलं. मला काही त्यात खोट काढता आली नाही.

एकदा पोह्यांवर लिंबू पिळता पिळता त्यांनी मला सगळा कारभार समजावला. "हृदयाच्या वर, उजव्या कोपऱ्यात, शिताएवढा एक ठिपका असतो. तो आपणहून वीज सोडतो. मेंदूला विचारत नाही, तुला विचारत नाही. ती वीज आधी वरच्या दोन खोल्यांत पसरते, मग मधल्या नाक्यावर जराशी थांबते, मग खालच्या दोन खोल्यांत जाते. वरच्यांनी आधी दाबायचं, खालच्यांनी मग. उंदीर घे, उंट घे, व्यवस्था हीच. समजलं?"

"समजलं."

"मग आडवी हो. तुझी काढू."

माझी रेघ निघाली. अंकल ती खिडकीशी धरून बराच वेळ बघत होते. "टी वेव्हचा उंचवटा छान गोल आहे. माथेरानची आठवण झाली," ते म्हणाले. माझ्या रूपाचं इतकं कौतुक नवऱ्यानेही कधी केलं नव्हतं.

मी काम करायचे त्या कारखान्याला सुट्टी असली की ते मला मदतीला न्यायचे. प्राण्याला धरायचं आणि त्याच्याशी गोड बोलायचं, हे माझं काम. एकदा एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर आला. दंडभर गोंदण, आवाज असा की जिना हादरावा. त्याने शर्टाच्या खिशातून अलगद एक हॅमस्टर, उंदराएवढा पाळीव प्राणी, काढला आणि ओठ थरथरवत म्हणाला, हा सकाळपासून जेवला नाही. चिमटे त्या जिवापेक्षा मोठे, म्हणून अंकलांनी टाचणीएवढ्या क्लिपा बनवल्या होत्या. मशीन सुरू झालं आणि पेनला धाप लागली. इतके भराभर ठोके की कागदावर नुसता काळा पट्टा उमटला. ड्रायव्हर म्हणाला, "डॉक्टर, हा मरतोय का?"

"मरतोय कसला. ह्याचं असंच धावतं," अंकल म्हणाले. "तुझं मनगट दे. हो, तुझंच जास्त धावतंय. आधी तू बस."

हॅमस्टरच्या गालात सूर्यफुलाच्या बिया कोंबलेल्या निघाल्या. ड्रायव्हरला पाणी पाजावं लागलं.

उंटाची गोष्ट याच्या उलट. बीरशेवाच्या पलीकडे वाळवंटात एका बेदुईन म्हाताऱ्याचा उंट होता. अंकल त्याच्या पोटाखाली उताणे झोपून चिमटे लावत होते, मी लगाम धरून मराठीत "राजा, सोन्या" करत होते. ठोका पडला. आम्ही वाट पाहिली. उंटाने वाळवंटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग निवांतपणे दुसरा ठोका दिला आणि माझ्या नव्या ब्लाउजवर थुंकला. पोटाखालून अंकलांचा आवाज आला, "बघ बाय, ह्याला म्हणतात तब्येतीत जगणं."

इमारतीत त्यांचं एकीशीच वैर होतं. तळमजल्यावरच्या माझलबाई. मोरोक्कोच्या, विधवा, आवाज खणखणीत. जिन्यात बकरीचे केस पडले की त्या खालून हिब्रूत सुरू करायच्या आणि अंकल वरून शांतपणे मराठीत उत्तर द्यायचे. माझलबाईंना त्यातलं अक्षर कळत नसे, तरी भांडण कुठे अडत नसे. माझलबाईंनी इमारतीच्या समितीकडे तक्रार केली तेव्हा समितीने दखल घेतल्याचं सांगितलं आणि पुढे काहीच झालं नाही. अंकल खूश. "समितीला हार्ट ब्लॉक आहे. वरून हुकूम निघतो, खाली पोचत नाही."

माझलबाईंचा कुत्रा शोको. चॉकलेटी, म्हातारा, गाढवावरही भुंकायचा कंटाळा करणारा. एका दुपारी तो जिन्यात चढता चढता कोसळला. जीभ बाहेर, डोळे पांढरे. क्षणभराने उठला, शेपूट हलवली, दोन पायऱ्या चढला आणि पुन्हा कोसळला. माझलबाईंच्या हातातली भाजी सगळ्या जिन्यात सांडली. त्या वर बघून एकच शब्द ओरडल्या, "दोक्तोर".

अंकल मशीन घेऊन अनवाणी खाली आले. जिन्यातच चिमटे लागले. मी शोकोचं डोकं मांडीवर घेतलं. रेघ सरकू लागली आणि अंकलांचा चेहरा बदलला.

"मधला नाका बंद पडलाय," ते मला म्हणाले. "कंडक्टर डबल घंटी देतोय, देतोय, आणि ड्रायव्हरला ऐकू जात नाही. मग कधीतरी ड्रायव्हर स्वतःच्या मनाने गाडी थोडी पुढे घेतो. त्यावर हा जगतोय. मध्ये जास्त वेळ गेला की पडतो. एक दिवस उठणार नाही." मग हेच त्यांनी माझलबाईंना हिब्रूत सांगितलं. इतकी वर्षं त्यांच्याशी हिब्रू बोलायचं टाळणारा माणूस एकेक शब्द सावकाश, जपून ठेवत बोलत होता.

माझलबाई भिंतीला टेकल्या. "औषध द्या."

"औषधाने नाका उघडत नाही. पेसमेकर लागेल."

"कुत्र्याला?"

"हृदय तेच आहे, बाई."

अंकलांचा एक जुना विद्यार्थी पेताह तिक्वा शहराच्या बाजूला जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात सर्जन होता. त्याला तिथूनच फोन झाला. तो म्हणाला, वायर माझ्याकडे आहे, पेसमेकरची पेटी नाही. कुत्र्यांना लावतात ती माणसांचीच असते. कोणी वारलं आणि घरच्यांनी काढून दिली, तर ती माणसाला परत लावत नाहीत, आमच्याकडे येते. आत्ता एकही नाही. वाट पाहावी लागेल.

फोन कानाशी तसाच धरून अंकलांनी वर आपल्या दाराकडे पाहिलं. 

"पेटी आहे," ते शेवटी म्हणाले. "मी घेऊन येतो."

गाडी माझ्या नवऱ्याने चालवली. मागे शोको माझलबाईंच्या मांडीवर, शेजारी मी. अंकल पुढे बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नवऱ्याच्या मध्ये मध्ये बोलण्याला काही नाव ठेवत नव्हते. दवाखान्यात त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत काडेपेटीपेक्षा जरा मोठी, गुळगुळीत, राखाडी चकती. विद्यार्थ्याने ती यंत्राखाली धरून तपासली आणि आश्चर्याने म्हणाला, "बॅटरी तर अजून भरपूर आहे, सर. कोणाची?"

"आहे एकाची," अंकल म्हणाले.

शोकोला आत नेलं. माझलबाई माझ्या नवऱ्याला घेऊन पाणी शोधायला गेल्या. बाकावर आम्ही दोघेच उरलो.  त्यांनी आपणहूनच सांगितलं.

"आमच्या मिसेसची, लिलीची. तू यायच्या आदल्या वर्षी ती गेली. पेसमेकर लावून वर्षही झालं नव्हतं. हृदयाने नाही गेली हं, कॅन्सरने. हृदय शेवटपर्यंत फर्स्टक्लास होतं." त्यांनी रिकाम्या रुमालाची घडी घातली. "दफन करणाऱ्यांना विनंती करून काढून घेतली. असंच एखाद्या जनावराला द्यायची म्हणून. कितीक कुत्री आली, बाय. दर वेळी म्हणायचो, पुढच्याला देईन."

"मग आज?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. पलीकडे माझलबाई शोकोचा पट्टा हातात गुंडाळत येत होत्या. "ही बाई घरात एकटी आहे," ते म्हणाले.

शोको वाचला. चौथ्या दिवशी त्याने दाराशी आलेल्या गाढवावर भुंकून सगळ्या इमारतीला आपली तब्येत कळवली. पेटी कोणाची हे माझलबाईंना मी सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे.  पुढच्या शुक्रवारी, शब्बातच्या, कामाला हात न लावायच्या दिवसाच्या, मेणबत्त्या लावायच्या आधी, त्यांनी शोकोला वर नेऊन अंकलांच्या दारात सोडलं आणि खालून नेहमीच्या आवाजात ओरडल्या, मला घर पुसायचंय, हा पायात येतो, उद्या संध्याकाळपर्यंत सांभाळा. त्यानंतर दर शुक्रवारी त्यांना घर पुसायचं असायचं.

एका शुक्रवारी मी आमटीचं भांडं घेऊन वर गेले. दार किलकिलं होतं. अंकल टेबलाशी जेवत होते, शोको त्यांच्या पायांवर पसरला होता, आणि अंकलांचा डावा हात खाली त्याच्या छातीवर होता. मुलाचा ट्रंककॉल आला होता, नातीला मराठीचा शब्द येत नाही, आज मासळी बंडल निघाली, असं सगळं ते घासागणिक सांगत होते. शोको नर होता, पण अंकल दर दोन वाक्यांनी त्याला विचारत होते, "अगं, ऐकतेस ना?"

मी भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि चपला हातात घेऊन खाली आले.